कानशिलामागची जखम

आम्ही आळे गावातल्या बचत गटाच्या बाया. दुपारच्या या वेळेला तुम्ही कुठं असाल ते आम्हाला ठाऊक आहे. कुणी टोमॅटोच्या तोड्याला असेल, कुणी कांदा निवडत बसली असेल, कुणी नातवंडाला झोपवत असेल. हातातलं काम थांबवू नका. फक्त एक हात घटकाभर मोकळा करा आणि डोळा नि कान यांच्या मधे बोट ठेवा. आता दातावर दात दाबा. बोटाखाली काहीतरी हललं ना? ते आपलं कानशील.

त्या कानशिलाच्या आत, हाडाच्या पलीकडं, मेंदूचा एक भाग असतो. एक डावीकडं, एक उजवीकडं. डॉक्टर त्याला टेम्पोरल लोब म्हणतात. आपण त्याला कानशिलामागचा मेंदू म्हणू. त्याला इजा झाली तर माणसाचं काय होतं, हे आज सांगायचं आहे. हे आम्ही हौसेनं शिकलो नाही. आमच्या हातून एक चूक झाली, म्हणून शिकावं लागलं. आधी ती चूक सांगतो.

आमच्या गटात एक ताई आहे. तिच्या परवानगीनं बोलतोय, पण नाव सांगत नाही. हिशोबाला एकदम चोख, म्हणून आम्ही तिला सचिव केलं होतं. हप्ते घ्यायचे, वहीत मांडायचे, बँकेत भरायचे, सगळं तीच बघायची. एक दिवस ती दिराच्या मोटरसायकलवर मागं बसून बाजाराहून येत होती. पदर चाकात गेला आणि ती पडली. कानाच्या वर टेंगूळ आलं. घरी आली, हळद लावली, चहा प्याली, संध्याकाळी भाकरी थापल्या. सगळ्यांना वाटलं, थोडक्यात निभावलं.

सात-आठ महिन्यांनी तिच्यात फरक दिसायला लागला. मीटिंगमधे पैसे मोजता मोजता मधेच थांबायची. डोळे उघडे, पण नजर कुठंतरी लांब. तोंडानं मचमच आवाज करायची, जणू काही चघळतेय. बोटांनी पदराचं टोक चुरगाळायची. हाक मारली तर ओ नाही. मिनिटा-दोन मिनिटांनी भानावर यायची, पण मग कुठं बसलोय, काय चाललंय हे तिला उमजायचं नाही. कधी उठून सरळ चालायला लागायची. ती म्हणायची, "आधी पोटातून काहीतरी वर चढतं. जळकं वास येतो. आणि वाटतं, हे सगळं आधी एकदा होऊन गेलंय."

मग एका महिन्यात हिशोबात बाराशे रुपये कमी आले. आम्ही तिला विचारलं, तिला काही सांगता येईना. खरं सांगतो, आम्ही तिच्यावर चोरीचा संशय घेतला. तोंडावर कुणी चोर म्हणालं नाही, पण वही काढून घेतली. त्याचा अर्थ तिला कळला आणि सगळ्या आळीलाही कळला. घरी सासूबाई म्हणाल्या, हिला बाहेरची बाधा झालीय. देवऋषी आणला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, केस धरून गदागदा हलवलं. ती अर्धमेली झाली, पण ते थांबणं काही गेलं नाही.

शेवटी आमच्या आशाताईंनी तिचं ते थांबणं डोळ्यांनी पाहिलं आणि मोबाइलवर त्याचं चित्रण करून घेतलं. ते चित्रण घेऊन त्या तिच्याबरोबर डॉक्टरांकडं गेल्या. पुढं पुण्याला ईईजी झाला, एमआरआय झाला. डाव्या कानशिलामागच्या मेंदूत जखमेचा व्रण निघाला. डॉक्टर म्हणाले, ही फिटच आहे. हातपाय झाडणारी नाही, भान हरवणारी.

मैत्रिणींनो, आपल्याला एकच फिट माहीत असते. माणूस धाडकन पडतो, हातपाय ताठतात, तोंडाला फेस येतो. पण कानशिलामागच्या मेंदूतून उठणारी फिट अशी गुपचूपही येते. त्या भागातल्या पेशींमधे क्षणभर विजेचा गोंधळ होतो. तिथंच भीती, वास, आठवण यांची ठिकाणं आहेत. म्हणून विनाकारण भीती दाटते, नसलेला वास येतो, नवी जागा ओळखीची वाटते. बघणाऱ्याला वाटतं, बाई सोंग करतेय, नाहीतर अंगात आलंय. तिच्या आत मात्र एक जखम बोलत असते.

हा कानशिलामागचा मेंदू करतो तरी काय? चार मोठी कामं सांगतो.

पहिलं काम, ऐकलेल्याचा अर्थ लावणं. कान नुसता आवाज आत नेतो. "तवा दे" म्हणजे काय द्यायचं, हे मेंदू ठरवतो. बहुतेक माणसांमधे हे काम डाव्या बाजूला चालतं. जर्मनीच्या कार्ल वेर्निके नावाच्या डॉक्टरांनी १८७४ साली हे नीट मांडून दाखवलं. त्या जागेला इजा झाली तर माणूस बोलतो भरभरून, पण शब्द भलतेच येतात. तवा म्हणायचं असतं आणि चप्पल म्हणतो. मधेच कुठल्याच भाषेत नसलेला शब्द बोलतो. समोरच्याचं बोलणं त्याला परक्या मुलखातल्या भाषेसारखं वाटतं. आणि आपण चुकीचं बोलतोय हे बऱ्याचदा त्याचं त्याला कळतही नाही.

इथं एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. लकवा म्हटलं की आपण हात लुळा पडलाय का, तोंड वाकडं झालंय का ते बघतो. ते बघायचंच. पण मेंदूच्या या भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटला तर हातपाय धडधाकट राहू शकतात. सकाळी सासरे उठले, चालतायत, पण बोलणं असंबद्ध झालं, सांगितलेलं समजेना, तर "म्हातारपणी चळ लागला" म्हणून गप्प बसू नका. तोही लकवा असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन करावा लागतो. म्हणजे आळ्यातून निघून स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात पोचण्याचा वेळही त्यातच धरायचा. घड्याळ बघा, "शेवटचं नीट कधी बोलले" ते लक्षात ठेवा आणि १०८ला फोन लावा. संध्याकाळपर्यंत वाट बघू नका.

दुसरं काम, नवी आठवण साठवणं. कानशिलामागच्या मेंदूच्या आतल्या बाजूला एक वळणदार भाग असतो. त्याचा आकार समुद्रातल्या घोडमाशासारखा दिसतो. आज सकाळी कोण आलं, काय बोललं, हे तिथं धरून ठेवलं जातं. याची एक खरी गोष्ट जगातल्या सगळ्या मेंदूच्या डॉक्टरांना पाठ आहे. अमेरिकेत हेन्री मोलेझन नावाचा एक तरुण होता. फिटांनी बेजार झालेला. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, डॉक्टरांनी त्याच्या मेंदूतला हा आतला भाग दोन्ही बाजूंनी काढला. फिटा कमी झाल्या, पण नवी गोष्ट लक्षात ठेवणं कायमचं गेलं. लहानपणचं आठवायचं, पण जेवून उठला की जेवल्याचं विसरायचा. रोज भेटणाऱ्या माणसाला रोज नव्यानं भेटायचा. तो २००८ साली वारला, तोवर ५५ वर्षं असाच जगला.

पण त्याच्याकडून एक मोठी गोष्ट कळली. ब्रेंडा मिल्नर नावाच्या बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज सरावानं त्याचा हात सुधारत गेला. "हे मी आधी कधी केलंय" हे मात्र त्याला आठवायचं नाही. म्हणजे हाताची आठवण वेगळी आणि घडलेल्या गोष्टीची आठवण वेगळी. म्हणून आपल्या घरातली बाई भाकरी गोल थापते आणि घटकाभरानं विचारते, "भाकरी कुणी केल्या?" तेव्हा ती नाटक करत नसते. भाकरी तिच्या हाताला आठवते. सकाळ मात्र तिच्यापाशी राहत नाही.

आता कुणी घाबरू नका. त्या गोष्टीनंतर डॉक्टर शहाणे झाले. दोन्ही बाजू काढणं थांबलं. आज औषधांनी थांबत नसलेल्या फिटांसाठी, तपासण्या करून, जिथून फिट उठते तेवढाच एका बाजूचा भाग काढतात. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होतात. मुंबई, बंगळूरसारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांतही होतात. त्यांतले बरेच जण फिटांतून मोकळे झाले आहेत.

तिसरं काम, ओळख पटवणं. चेहरा, वस्तू, नाव. याच्या खालच्या बाजूला, विशेष करून उजवीकडं, इजा झाली तर माणूस चेहरा बघतो पण कुणाचा ते ओळखत नाही. लेक दारात उभी राहते आणि आई विचारते, "कोण गं बाई?" लेकीनं "आई" म्हटलं की आवाजावरून ओळखते. लेकीच्या काळजाला घर पडतं. पण आईची माया आटलेली नसते, चेहऱ्याची खूण तेवढी पुसलेली असते.

चौथं काम, भीती आणि राग यांना लगाम घालणं. याच भागात आत बदामाएवढा एक गोळा असतो, तो धोक्याची घंटा वाजवतो. तिथं बिघाड झाला की कुणी उगाच घाबरतं, कुणी एवढ्या-तेवढ्यावरून चिडतं, कुणी एकदम उदास होतं. अपघातानंतर "हा माणूसच बदलला" असं आपण म्हणतो, त्यातला काही भाग इथला असतो.

ही इजा होते कशानं? मेंदूतली गाठ, लकवा, मेंदूत शिरलेला ताप, क्षयाची लागण, लहानपणी तापात खूप वेळ चाललेली आकडी, अशी बरीच कारणं आहेत. त्यातली तीन कारणं आपल्या दाराशी आहेत, म्हणून ती जरा नीट सांगतो.

एक म्हणजे रस्ता. आपल्या गावाशेजारून पुणे-नाशिक महामार्ग जातो. आळेफाट्यावर त्याला कल्याणहून माळशेज घाटातून नगरकडं जाणारा रस्ता मिळतो. ट्रक, पिकअप, मोटरसायकली यांची रीघ लागलेली असते. कानशिलाचं हाड डोक्याच्या बाकी हाडांपेक्षा पातळ असतं आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. मार बसला की ती फुटू शकते. मग एक फसवी गोष्ट होते. माणूस पडतो, उठतो, चांगला बोलतो, चहा पितो. आत मात्र रक्त साठत असतं. काही तासांनी डोकं ठणकतं, उलट्या होतात, गुंगी येते. आपण म्हणतो, "दमलाय, झोपू द्या." ती झोप जिवावर बेतते. डोक्याला मार लागला की पहिला दिवसभर आणि रात्रभर त्या माणसाजवळ कुणीतरी जागं राहायचं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती गुंगी, बोलण्यात गोंधळ, फिट, कानातून किंवा नाकातून पाणी किंवा रक्त, यातलं एकही दिसलं तर लगेच सीटी स्कॅन होईल अशा दवाखान्यात न्या.

आणि हेल्मेट. चालवणारा घालतो, मागं बसलेली बायको पदर सावरत बसते. कायदा दोघांनाही लागू आहे. चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकानं घालायचं. आपण एका बाजूला पाय सोडून बसतो, आपला पदर आणि ओढणी चाकाकडं लोंबते, म्हणजे पडायची भीती आपल्यालाच जास्त. पदर खोचून बसा. हेल्मेटचा पट्टा लावा, नुसतं डोक्यावर ठेवू नका.

दुसरं म्हणजे घरातली मारहाण. "कानशिलात लगावली" असं आपण किती सहज बोलतो. भांडी आपटल्यासारखं. पण आत्ताच तुम्ही बोट ठेवून बघितलंय, त्या जागेच्या आत काय आहे ते. डोक्यावर बसलेला जोराचा मार, भिंतीवर आपटलेलं डोकं, हे पुन्हा पुन्हा झालं तर मेंदूला इजा होते. बाई विसरभोळी होते, चिडकी होते, मग त्यासाठी आणखी मार खाते. २००५ सालचा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आपल्यासाठी आहे. ११२ हा पोलिसांचा नंबर आहे, १८१ महिलांच्या मदतीचा. दवाखान्यात गेल्यावर "जिन्यावरून पडले" असं सांगू नका. खरं सांगितलं तर डॉक्टर डोकं नीट तपासतील.

तिसरं म्हणजे भाजीचा वाफा. टेपवर्म नावाचा लांब पट्टीसारखा जंत असतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात येतात. न धुतलेली कोथिंबीर, मुळा, गाजर, कोबी किंवा मळके हात यांतून ती पोटात जातात. तिथून रक्तातून मेंदूत पोचतात आणि गाठी करतात. त्यातून फिटा सुरू होतात. "आम्ही माळकरी, आम्हाला कसा होईल?" असं कुणी म्हणू नये. मांस न खाणाऱ्यालाही होतो, कारण तो भाजीवरून आणि हातावरून येतो. आपण तर भाजीपाला पिकवणारं गाव. संडासचा वापर, शौचानंतर साबणानं हात, भाजी दोन-तीन पाण्यांनी धुणं, एवढं केलं तरी मेंदू वाचतो.

आता फिट आलेल्या माणसाला काय करायचं ते ऐका. हातपाय झाडणारी फिट असेल तर त्याला कुशीवर वळवा. डोक्याखाली घडी केलेलं लुगडं किंवा टॉवेल ठेवा. गळ्याजवळचं कापड सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा नको, चप्पल नको. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर १०८.

आमच्या ताईसारखी भान हरवणारी फिट असेल तर धरून ठेवू नका, ओरडू नका. धरलं तर ती घाबरून झटापट करेल, आणि लोक म्हणतील अंगात आलं. शेजारी उभं राहा, हळू आवाजात बोला. चूल, विहीर, कोयता, रस्ता यांपासून हलकेच बाजूला वळवा. भानावर आली की सांगा, "घरीच आहेस, आम्ही आहोत."

काही रोजच्या सवयीही लावायच्या. फिटा येणाऱ्या बाईनं एकटीनं विहिरीवर, कालव्यावर जायचं नाही. शेततळ्याकडं तर मुळीच नाही. त्याच्या प्लास्टिकवर धडधाकट माणसाचाही पाय ठरत नाही. न्हाणीची कडी आतून लावायची नाही, नुसतं दार लोटायचं. गाडी चालवायची नाही. रात्रीचं जागरण टाळायचं, कारण झोप तुटली की फिट येते.

गोळ्यांचं तर फार महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य औषध नियमित घेतलं तर दहातल्या सात जणांच्या फिटा थांबू शकतात. दहातल्या सात, मैत्रिणींनो! पण नियमित म्हणजे नियमित. एकादशी असो, नवरात्राचे उपवास असोत, गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. "आता महिना झाला, फिट नाही" म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. एकदम बंद केली तर एकामागून एक फिटा येतात, त्यात जीवही जातो. आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथं बऱ्याच गोळ्या मोफत मिळतात. नारायणगाव, जुन्नरला ग्रामीण रुग्णालयं आहेत. तिथून गरज पडली तर ससूनला पाठवतात.

बाळंतपणाचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा. व्हॅल्प्रोएट नावाच्या गोळीनं पोटातल्या बाळाला व्यंग होण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर औषध बदलतात आणि फॉलिक ॲसिड सुरू करतात. दिवस गेल्यावर घाबरून गोळ्या फेकून द्यायच्या नाहीत. फिटा असलेल्या बायांना चांगली, सुदृढ मुलं होतात.

आता कायद्याचं थोडं. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात लिहिलं होतं की फिटा येणाऱ्या माणसाचं लग्न रद्द करता येतं. १९९९ साली संसदेनं ते कलम काढून टाकलं. म्हणजे "हिला फिट येते, सोडचिठ्ठी देतो" ही धमकी आज कायद्यात बसत नाही. पण लपवाछपवी करू नका. लग्नाआधी मोकळेपणानं सांगितलं तर लेकीला सासरी गोळी चोरून घ्यावी लागत नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी फिटा असलेल्या माणसांसाठी "संवेदना" नावाचा गट उभा केला. त्यांनी स्वतः फिटा सोसल्या आहेत. एकमेकांशी बोलायचं, घरच्यांना समजावायचं आणि लग्नही जुळवून द्यायची, अशी कामं त्या गटानं केली. आपलाही गटच आहे. कर्जाचे हप्ते गोळा करतो तसं एकमेकींचं दुखणं ऐकून घेणं आपल्याला जमणार नाही का?

देवऋषाचं म्हणाल तर डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचलं, तो त्यांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. देवाला नमस्कार करायला कुणाची ना नाही. पण नमस्कार करा आणि गोळीही घ्या. बाईला धुरीत कोंडू नका.

ज्यांची भाषाच गेली आहे, त्यांच्यासाठी २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात जागा आहे. मेंदूच्या इजेनं बोलणं किंवा समजणं कायमचं गेलं असेल तर त्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं. आणि घरात काय करायचं? एका वेळी एकच वाक्य बोला. दोन माणसं एकदम बोलू नका. टीव्ही बंद करा. बोट दाखवा, वस्तू हातात द्या. चुकीचा शब्द आला तर हसू नका आणि "सांग बरं मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नका. सरळ सांगा, "आत्याबाई, मी तुमची धाकटी सून." वस्तूंच्या जागा बदलू नका. भिंतीवर फोटो लावा, खाली नाव लिहा, मोठ्या अक्षरात. आणि एक नवल पाहा, साधं वाक्य जुळवता न येणाऱ्या काही माणसांच्या तोंडून हरिपाठ, अंक, वारांची नावं सलग येतात. लहानपणापासून घोटलेलं असतं ते. त्यांच्याबरोबर म्हणा. तेवढा वेळ तरी त्यांना वाटतं, आपण अजून सगळ्यांत आहोत.

हरिपाठावरून आठवलं. आपल्या आळ्यात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वर माउलींनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद बोलवले, तो रेडा परतीच्या वाटेवर आळ्यात निवर्तला आणि माउलींनी त्याला इथं समाधी दिली, अशी आपली श्रद्धा. लांबलांबून लोक दर्शनाला येतात. मुक्या जनावराचाही मान राखणारं आपलं गाव. मग जिची वाचा तिच्याच मेंदूतल्या जखमेनं हिरावली, जिचं भान घटकाभर जातं, जिला लेकीचा चेहरा ओळखू येत नाही, त्या बाईचा मान आपण का राखू नये? आम्हीही राखला नव्हता, म्हणून हे बोलायचा आमचा हक्क थोडा कमीच आहे. पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या ताईचं पुढं काय झालं ते सांगतो. गोळ्या सुरू होऊन दोन वर्षं होत आली. पहिल्या वर्षी तीनदा फिट आली, नंतर नाही. नावं आठवायला अजून तिला जड जातं, डाव्या बाजूचा व्रण आहे ना. समोरची बाई कोण ते कळतं, नाव जिभेवर येत नाही. आम्ही सगळ्या जणी तिच्या घरी गेलो आणि माफी मागितली. सासूबाई पण होत्या. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला सुद्धा वाटत होतं, मीच कुठंतरी पैसे लपवले असतील. मला आठवतच नव्हतं ना." हे ऐकून आमच्या माना खाली गेल्या. आम्ही तिच्यावर संशय घेतला होता, आणि आमच्यामुळं तिनं स्वतःवरही घेतला होता.

ते बाराशे रुपये आजवर सापडले नाहीत. कुठं गेले, कुणाच्या मोजण्यात चुकले, देव जाणे. आम्ही सगळ्यांनी वाटून भरले आणि वहीत तसं लिहून ठेवलं. वही पुन्हा तिच्याकडं दिली. आता पैसे मोजताना शेजारी दुसरी एक बाई बसते. ताई वाचते, ती मोजते, दोघींच्या सह्या होतात. खरं तर हे पहिल्यापासूनच करायला हवं होतं.

तुमच्या गटात, तुमच्या आळीत अशी कुणी असेल. मधेच थांबणारी, शब्द चुकवणारी, चेहरा न ओळखणारी, अपघातानंतर बदललेली. तिला नाव ठेवायच्या आधी एवढं करा. काय होतं, किती वेळ होतं, ते लिहून ठेवा. घरच्यांना विचारून मोबाइलवर टिपून ठेवा. ते चित्रण डॉक्टरांशिवाय कुणाला पाठवू नका. आणि आशाताईंना घेऊन दवाखान्यात जा. दर वर्षी १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. त्या दिवशी गटाच्या बैठकीत हा विषय काढा. कुणी ना कुणी हळूच म्हणेल, "माझ्या जावेला असं होतं."

तिचं नीट ऐकून घ्या.

आता कानशिलावरचं बोट काढा, कामाला लागा. आणि मोटरसायकलवर बसताना तेवढं हेल्मेट विसरू नका.